नोंद नाही

यास्ना ग्लासिनोविचने दोर धरला होता, पण डाव्या हाताने. उजव्या हातात कागदांची पिशवी होती आणि तिच्या डाव्या हाताची पकड कधीच भरवशाची नव्हती. सामुद्रधुनीवरून येणारा वारा चौकाच्या या कोपऱ्यावर दोन इमारतींच्या मधून घुसतो आणि एकदम दुप्पट होतो, तिथे तिचे पाय सुटले. दरवर्षी वाऱ्याचे महिने आले की नगरपालिका हे दोर बांधते, ते बाहेरून आलेल्या लोकांसाठी असं इथले लोक थट्टेने म्हणतात. चिलीच्या दक्षिण टोकावरच्या पुंता अरेनासमध्ये एकावन्न वर्षं काढलेल्या बाईने याच कोपऱ्यावर आपटावं ही हसण्यासारखीच गोष्ट झाली असती. पण ती पडली नाही. कुणीतरी तिचं मनगट पकडलं आणि तिला ओढत औषधाच्या दुकानाच्या दारात आणलं. केस तोंडात गेले होते, डोळ्यांत धूळ होती. डोळे चोळून तिने पाहिलं तेव्हा आधी दिसला तो मनगटावरचा हात. कातडी गुलाबी, चकचकीत, ओढून ताणून बसवल्यासारखी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकमेकांना कायमची चिकटलेली. भाजल्यापासून हा हात तिने पट्ट्यांशिवाय कधीच पाहिला नव्हता. तरी तोंडाकडे बघायच्या आधीच तिला कळलं की हा कोणाचा हात आहे.

"जरा वजन वाढवा, इंजिनियरबाई!" तो माणूस ओरडून म्हणाला. वाऱ्यात सगळेच ओरडून बोलतात. "एवढ्याशा झुळकेला उडायला लागलात तर कसं व्हायचं!"

डॉन एलादिओ नाहुएल्किन; इथे वडीलधाऱ्यांना आदराने डॉन म्हणतात. प्रयोगशाळेत अकरा वर्षं तिचे तंत्रज्ञ होते. नळ्या, झडपा, जोड, वेल्डिंग, हाताने करायचं जे जे काही ते सगळं त्यांचं. चिलोए बेटावरून पोटासाठी दक्षिणेला आलेला आणि तेलाच्या विहिरींवर वीस वर्षं काढून मग विद्यापीठात शिरलेला माणूस. आता टोपीखालून दिसणारे केस पार पांढरे झाले होते. ते तिच्याकडे बघून हसत होते, अगदी मनापासून. 

"बरं झालं भेटलात," ते तिच्या कानाशी तोंड आणून म्हणाले. "कधीचं मनात होतं. एर्सिरा, माझी बायको, सारखी म्हणते, जा, एकदा बोलून या त्यांच्याशी. पण पाऊलच उचलत नाही हो."

"काय बोलायचं होतं?"

"माफी मागायची होती." त्यांनी टोपी काढून छातीशी दाबून धरली. "माझ्या एका विसरण्यापायी तुम्हाला केवढं सोसावं लागलं. पाहुण्यांसमोर मान खाली घालायची वेळ आली, चौकशीत उभं राहावं लागलं. मी तिकडे सान्तियागोच्या इस्पितळात पडलेलो, नाहीतर तेव्हाच आलो असतो. उभा जन्म या कामात गेला आणि नायट्रोजन फिरवायला विसरलो बघा. कसा विसरलो तेही आठवत नाही. त्या दिवसातलं काहीच आठवत नाही."

यास्नाने तोंड उघडलं. वारा तोंडात शिरला. "तसं नका म्हणू, डॉन एलादिओ," एवढंच बाहेर पडलं आणि ते नम्रपणासारखं ऐकू आलं, मोठ्या मनाच्या बाईने बोलावं तसं. त्यांनी मान हलवली. त्यांचे डोळे पाणावलेले दिसले, पण या वाऱ्यात सगळ्यांचेच पाणावतात. तेवढ्यात त्यांची बस आली. "दोर उजव्या हाताने धरत जा," असं सांगून ते वाकून, खांदा वाऱ्यात घालून निघून गेले, आणि ती दुकानाच्या दारात उभी राहिली. आतली मुलगी काचेवर टकटक करून विचारत होती, बाई, काही हवंय का? काही नको, काही नको. मनगटावर त्यांच्या बोटांचा दाब अजून तसाच होता.

प्रयोगशाळा गावाबाहेर किनाऱ्यावर आहे. दारात पवनचक्की, आत काचेमागे यंत्रं. वाऱ्यापासून वीज करायची, विजेने पाणी फोडायचं, त्यातून हायड्रोजन काढायचा, हे आता शाळेतली पोरंसुद्धा चित्र काढून दाखवतात. खरी पंचाईत पुढे आहे, त्याला ठेवायचं कुठे. इतका हलका, इतका बारीक वायू दुसरा नाही. तो जोडातून निसटतो, पोलादात शिरून पोलाद ठिसूळ करतो, त्याला रंग नाही, वास नाही. यास्नाचं सगळं आयुष्य त्याला ठेवण्यात गेलं होतं. धातूची एक पूड असते, ती हायड्रोजन पिऊन घेते आणि तापवली की परत सोडते. ही पूड नळकांड्यात भरायची, म्हणजे वारा असेल तेव्हा साठवायचं आणि नसेल तेव्हा काढायचं. पेपरवाल्यांनी तिला 'वारा बाटलीत भरणारी बाई' म्हटलं होतं, ते कात्रण तिच्या बहिणीने चौकटीत लावलं होतं. बसमध्ये खिडकीशी बसून यास्नाने ते सगळं आठवून पाहिलं, माणूस घाबरला की खिसे चाचपून पाहतो तसं. पण प्रत्येक वेळी विचार फिरून त्या सकाळीच येऊन थांबत होता. सहा वर्षांपूर्वीची ऑक्टोबरातली सकाळ. अकरा वाजता पाहुणे येणार होते, सान्तियागोहून मंत्रालयाचे दोघे आणि परदेशातून पैसा लावणारे चौघे. नऊ वाजता दाबमापकाचा काटा अडकला. पाहुण्यांसमोर अडकलेला काटा! तो बदलायचा म्हणजे नळीचा जोड खोलायचा, आणि जोड खोलायच्या आधी नळीतून नायट्रोजन फिरवून आतला हायड्रोजन हाकलून द्यायचा. एकदा नाही, तीनदा. कारण पूड कोमट असली की ती थोडा थोडा वायू सोडतच राहते. हा तीनदाचा नियम तिनेच लिहिला होता, भिंतीवर तिच्याच अक्षरात लावलेला होता. जो जोड खोलणार त्यानेच नायट्रोजन फिरवायचा आणि वहीत लिहायचं, हेही तिनेच ठरवलेलं. पण डॉन एलादिओ बाहेर पवनचक्कीच्या वायरीशी झटत होते, तेव्हा ती म्हणाली, मी फिरवते, तुम्ही या तेवढ्यात. नायट्रोजनची टाकी संपत आली होती. नवीन टाक्यांची गाडी घाटात बर्फात अडकून पडलेली. तिने एकदा फिरवला. टाकीच्या काट्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. उरलेला नायट्रोजन पाहुण्यांसमोरच्या प्रयोगाला लागणार होता. तिने झडप बंद केली. वहीत काही लिहिलं नाही. एकदा असं लिहिता येत नव्हतं, आणि तीनदा असं लिहायला हात झाला नाही.

मग डॉन एलादिओ आत आले, हात पुसत. स्टुलावर चढले, पाना हातात घेतला आणि तिच्याकडे न बघताच विचारलं, "नायट्रोजन फिरवला?"

"फिरवला."

"तीनदा?"

"हो."

या माणसाने आयुष्यात कोणाच्या तोंडी सांगण्यावर झडप उघडली नव्हती. नवीन पोरं 'सगळं ठीक आहे' म्हणाली की तो म्हणायचा, ठीक असेल तर लिहून दाखव. तिला त्याने लिहून दाखवायला सांगितलं नाही. पुढे कितीदा तरी यास्ना या एका गोष्टीपाशी येऊन अडली होती. त्यांनी वही मागितली असती तर? तिला त्यांचा रागही यायचा, मागितली का नाही म्हणून, आणि मग त्या रागाचीच शिसारी यायची.

हायड्रोजनची ज्योत उजेडात दिसत नाही. हे तिला माहीत होतं, विद्यार्थ्यांना शिकवताना ती सांगायची, दिसेल म्हणून वाट पाहू नका. त्या दिवशी खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. त्यांनी जोड सैल केला. पान्याची ठिणगी पडली की लोकरीच्या बाहीची, कोण जाणे. डॉन एलादिओंनी हात हवेत उचलला आणि ते ओरडले. हातात काही नव्हतं, हाताभोवती काही नव्हतं, नुसता एक हात उन्हात नाचत होता. त्यांना अशी खोड होती. नवीन कोणी आलं की वायरीला बोट लावून धक्का बसल्याचं सोंग करायचे, सगळ्यांना हसवायचे. यास्ना हसली. मोठ्याने. "पुरे आता, पाहुणे येतील," असंही म्हणाली. मग स्वेटरची बाही आपोआप काळी पडत आत वळायला लागली, लोकर जळल्याचा वास आला आणि तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते मागे पडले, डोकं लोखंडी चौकटीच्या कडेवर आपटलं. तिने धावत जाऊन मुख्य झडप बंद केली, ब्लँकेट टाकलं, सगळं बरोबर केलं. नंतर अहवालात तसं लिहिलंही होतं की डॉक्टर ग्लासिनोविच यांनी प्रसंगावधान दाखवलं. हसली त्याबद्दल कोणी लिहिलं नाही. खोलीत तिसरं कोणी नव्हतंच.

चौकशीला तीन माणसं होती. टेबलावर वही उघडी पडलेली, त्या दिवसाचा रकाना कोरा. मधल्याने विचारलं होतं, तंत्रज्ञाने जोड खोलण्यापूर्वी नायट्रोजन फिरवल्याची नोंद आहे का? आणि ती म्हणाली होती, नोंद नाही. दोनच शब्द. दोन्ही खरे. त्याने ते लिहून घेतले आणि पान उलटलं. ती वाट बघत राहिली पुढच्या प्रश्नाची. मग कोणी फिरवला, असं तो विचारेल, म्हणजे मग सांगता येईल. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं ती पुढे सहा वर्षं स्वतःला सांगत आली. त्याने विचारलं नाही. बाहेर आल्यावर व्हरांड्यात संचालक बाल्तासार रेतामालेस उभे होते. त्यांना तिने सगळं सांगितलं, रडत रडत, भिंतीला टेकून. त्यांनी ऐकून घेतलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू जे बोललीस ते खरं आहे ना? मग झालं. डॉन एलादिओंना पेन्शन मिळेल, इस्पितळाचा खर्च होईल. दोघांचं वाटोळं करून कोणाचं भलं होणार आहे?" त्यात दुष्टपणा काही नव्हता. उलट माया होती. तीच तिने धरली.

त्यानंतर ती सान्तियागोला इस्पितळात एकदा जाऊन आली. पट्ट्यांमध्ये गुंडाळलेले डॉन एलादिओ गुंगीत होते, तिला बरं वाटलं की ते गुंगीत आहेत. पुढे दर नाताळला फळांची आणि केकची टोपली, तीसुद्धा ड्रायव्हरच्या हाती. त्यांच्या वस्तीतल्या बाजारात जाणं तिने सोडलं. चर्चची वेळ बदलली. इतक्या लहान गावात एखाद्याला सहा वर्षं टाळायचं म्हणजे रोज थोडी मेहनत लागते, आणि ती इतकी अंगवळणी पडली होती की आपण काही टाळतोय हेही तिच्या लक्षात राहत नसे. ते सगळं आठवून रागावलेले असतील असं ती धरून चालली होती. तो माणूस घरात बसून आपल्याला शिव्या देत असेल, या कल्पनेत एक प्रकारची सोय होती. तो काही तरी देतोय, आपण काही तरी भोगतोय. आणि तो तर इतकी वर्षं तिची माफी मागायला निघत होता आणि त्याचं पाऊल उचलत नव्हतं.

दोन वाजता रेतामालेसांच्या खोलीत बैठक होती. दोघंच. गुरुवारी करारावर सह्या व्हायच्या होत्या. खाडीपलीकडे नवा प्रकल्प, दीडशे पवनचक्क्या, गोदीला लागून साठवणुकीची जागा, आणि सगळ्या प्रकल्पाची सुरक्षा प्रमुख म्हणून डॉक्टर यास्ना ग्लासिनोविच यांचं नाव. रेतामालेस आता साठीच्या पुढे गेले होते, त्यांनी तिच्यासाठी कॉफी ओतली.

"मला ते पद नको," यास्ना म्हणाली.

"का गं? भाषण करावं लागेल म्हणून?"

"आज डॉन एलादिओ भेटले. त्यांनी माझी माफी मागितली."

रेतामालेसांनी कपाची बशी सरळ केली. बराच वेळ सरळच करत राहिले.

"मी त्यांना सांगणार आहे," ती म्हणाली. "आणि श्रम खात्यालाही लेखी देणार आहे."

"सांग ना. कोण नाही म्हणतंय? पण शुक्रवारी सांग."

"बाल्तासार!"

"नाही, ऐक. सहा वर्षं थांबलीस, आणखी तीन दिवस थांब. गुरुवारी हे हातातून गेलं तर ती माणसं मोरोक्कोला जातील, नाहीतर आणखी कुठे. चार वर्षांची मेहनत. या गावात तेल संपत आलंय, पोरं उत्तरेला पळताहेत, तुला माहीत नाही का? त्या म्हाताऱ्याचा हात काही परत येणार नाही." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "मी वाईट माणूस नाही, यास्ना."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर तेव्हा तुमचं ऐकलं."

ती बाहेर पडली तेव्हा आपण धीट आहोत असं तिला अजिबात वाटत नव्हतं. बसथांब्यावर उभी असताना तिने मनात हिशेब मांडून पाहिला की शुक्रवारी सांगितलं तर खरंच काय बिघडेल. काहीच बिघडलं नसतं. फक्त शुक्रवार आला की त्यालाही काहीतरी कारण सापडलं असतं, हे तिला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं. बस आली. त्या वस्तीची बस होती, सहा वर्षांत ती तीत एकदाही चढली नव्हती.

घर निळ्या पत्र्याचं होतं. दार एर्सिराने उघडलं, ठेंगणी, रुंद बाई, हाताला बटाट्याचा कीस लागलेला. क्षणभर तिने यास्नाला ओळखलं नाही, मग ओळखलं आणि तिचा चेहरा उजळला, ते यास्नाला बघवेना. "अहो, कोण आलंय बघा! या, या, दार लावा लवकर, नाहीतर छप्पर घेऊन जाईल हा वारा." स्वयंपाकघरात गॅसची चूल दिवसभर पेटलेली असते तशी पेटलेली होती, वर बटाट्याच्या जाड भाकऱ्या, मिल्काओ, भाजत होत्या. डॉन एलादिओ खिडकीशी बसले होते. ते धडपडत उठले.

"सकाळचं काही मनाला लावून घेऊ नका हं," ते म्हणाले. "बसा. एर्सिरा, चहा."

"चूल मोठी करते जरा," एर्सिरा म्हणाली. "हे हात लावत नाहीत चुलीला. सहा वर्षं झाली. म्हणतात, विसरणाऱ्या माणसाने गॅसशी खेळू नये." ती सहज बोलत होती, घरातली एखादी जुनी खोड सांगावी तशी. "गाडी विकली. भाऊ होडी घेऊन बोलवायला येतो, तर जात नाहीत. नातीला कडेवर घेऊन जिना उतरत नाहीत. मी म्हणते, एकदा विसरलात म्हणून काय झालं, माणूस आहे! पण नाही."

"जो एकदा विसरला तो पुन्हा विसरेल," डॉन एलादिओ म्हणाले. "तुम्हीच सांगा, इंजिनियरबाई, बरोबर आहे की नाही?"

यास्नाने येताना मनात वाक्यं जुळवली होती. परिस्थिती, घाई, घाटात अडकलेली गाडी. त्यांतलं एकही तोंडात आलं नाही. ती फक्त हाताचा आणि पेन्शनचा हिशेब धरून आली होती. हे बाकीचं, ही विकलेली गाडी, हा जिना, हे तिला कुठे ठाऊक होतं? ती उभीच होती. कोट काढला नव्हता.

"तुम्ही विसरला नव्हता," ती म्हणाली.

"काय?"

"नायट्रोजन मी फिरवणार होते. तुम्ही बाहेर होता. मी एकदाच फिरवला. मग तुम्ही आत आलात आणि मला विचारलंत."

खिडकीची काच वाऱ्याने थडथडत होती. एर्सिराचा कालथा हातातच राहिला.

"मी विचारलं होतं?" डॉन एलादिओ म्हणाले.

"हो."

"काय विचारलं?"

"नायट्रोजन फिरवला का, असं."

"तसं नाही. शब्द सांगा. मी काय म्हणालो, अगदी जसंच्या तसं."

"तुम्ही म्हणालात, नायट्रोजन फिरवला? मी म्हणाले, फिरवला. तुम्ही म्हणालात, तीनदा? मी म्हणाले, हो."

"तीनदा, असं विचारलं मी?"

"हो."

"स्टुलावर चढायच्या आधी की नंतर?"

"नंतर. पाना हातात होता. जोडाला लावला नव्हता."

ते खाली बसले. त्यांनी तो गुलाबी हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. ओठ हलत होते; ते पुन्हा पुन्हा तेच म्हणून बघत होते, तीनदा? तीनदा? मग त्यांनी मान वर केली तेव्हा यास्नाला वाटलं आता येईल, जे काय यायचं ते येईल. पण त्यांचा चेहरा वेडावाकडा होत होता तो हसण्याने. "एर्सिरा," ते म्हणाले, "एर्सिरा, ऐकलंस? मी विचारलं होतं! दोनदा विचारलं होतं मी!" आणि ते रडायला लागले, लहान मुलासारखे, नाक पुसत, हसत. एर्सिराने येऊन त्यांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. यास्ना तिथेच उभी होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. इतका वेळ तिने मारासाठी अंग घट्ट करून धरलं होतं, आणि मार आलाच नाही. त्याच्या जागी हा आनंद आला. तो बघत राहण्याइतकं कठीण तिने आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं.

मग एर्सिराने नवऱ्याच्या डोक्यावरून तिच्याकडे पाहिलं. तो उजळलेला चेहरा कुठे गेला ते कळलं नाही.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "सहा वर्षं केक पाठवलेस तू."

"हो."

"आम्ही खाल्ले ते. दर वर्षी. हे म्हणायचे, किती चांगली बाई आहे, माझ्यावर रागावली नाही."

यास्ना काहीतरी बोलायला गेली. काय बोलणार होती ते तिला नंतरही आठवलं नाही; माफी हा शब्द त्यात होता. डॉन एलादिओंनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं, रुमालाची घडी केली.

"इंजिनियरबाई, तुम्ही आता जा," ते म्हणाले. "मला रागवायचंय तुमच्यावर. तुम्ही समोर असलात की जमत नाही. अकरा वर्षांची सवय आहे."

तिने त्याच संध्याकाळी श्रम खात्यासाठीचं निवेदन लिहायला घेतलं. एक पान झालं. दुसऱ्या दिवशी खिडकीवरच्या कारकुनाने ते वाचून विचारलं, तक्रार कोणाविरुद्ध आहे? ती म्हणाली, माझ्याविरुद्ध. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, दोन खण उघडून पाहिले आणि म्हणाला, तसा फॉर्म नाहीये बाई, साध्या कागदावरच चालेल. शिक्का मारताना त्याने तिच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. गुरुवारी सह्या झाल्या नाहीत, पुढच्या आठवड्यावर गेल्या, आणि मग झाल्या. ती माणसं मोरोक्कोला गेली नाहीत. सुरक्षा प्रमुख म्हणून दुसऱ्या कोणाला उत्तरेतून आणलं. विद्यापीठाने तिला चौकशी होईपर्यंत प्रयोगशाळेत पाऊल ठेवायला बंदी केली. रेतामालेस रस्त्यात समोरून आले तर मान हलवून पुढे जात, आणि त्यांना स्वतःलाही जबाब द्यायला बोलावणं आलं आहे असं तिच्या कानावर आलं. तंत्रज्ञ नायट्रोजन फिरवायला विसरला हे अहवालातलं वाक्य दुरुस्त करायचं की नवा अहवाल लिहायचा यावर दोन खात्यांत पत्रव्यवहार चालू होता. ती घरी बसून असायची. सकाळी उठलं की काहीतरी हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं, लोक सांगतात तसं. तसं काही झालं नाही. उलट आता तिला तो जिना दिसायचा, तिने कधीही न पाहिलेला, आणि वर थांबलेली एक लहान मुलगी जिला आजोबा कडेवर घेत नाहीत. सहा वर्षांची असेल का ती? म्हणजे त्यांनी तिला कधी घेतलंच नसेल. हे कोणत्या निवेदनात लिहायचं?

अकराव्या दिवशी दुपारी फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"मी एर्सिरा," पलीकडून आवाज आला. मागे वारा ऐकू येत होता, म्हणजे ती अंगणातून बोलत होती. "काल झालं एकदाचं."

"काय झालं?"

"रागावले. दहा दिवस नुसते हसत होते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत होते, मी विचारलं होतं, मी विचारलं होतं. मला भीती वाटायला लागली होती. काल जेवताना काटाचमचा हातातून निसटला, त्या हातातून, नेहमी निसटतो तसा. आणि उठलेच एकदम. टेबल उलटं केलं. चाळीस वर्षांत त्या माणसाच्या तोंडून शिवी ऐकली नव्हती मी, चर्चला जाणारा माणूस. काल तासभर देत होते. तुमच्या आईपासून सुरुवात केली."

यास्ना खुर्चीवरून उठली. का उठली ते तिला कळलं नाही.

"आणि मग?"

"मग भूक लागली म्हणाले. दोन वाट्या सूप प्यायले. अजून झोपलेत." एर्सिराने आवाज खाली आणला. "हे मी तुमच्यासाठी सांगत नाहीये. कोणाला तरी सांगायचं होतं, आणि दुसऱ्या कोणाला समजलं नसतं."

"एर्सिराबाई," यास्ना म्हणाली, "काय म्हणाले ते? शब्द सांगा."

"शिव्या?"

"हो. जसंच्या तसं."

  मग एर्सिराने घसा साफ केला आणि एकेक करून सांगायला लागली, हळू, मध्ये एखादी आठवत थांबत, एकही न गाळता. यास्ना फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून उभी होती. शेवटची ऐकेपर्यंत ती बसली नाही.